धारेच्या आधी पिच्चर संपला पाहिजे

पुण्यात मोठा चित्रपट महोत्सव भरतो. पण इंदापूरहून तिथं जाऊन दिवसभर बसायचं, तर गुरं कोण बघणार? म्हणून गेल्या आषाढात, बारामती, सणसर, निमगाव केतकी करत तुकोबांची पालखी इंदापुरातून पुढं गेली, की आम्ही गटाच्या बायकांनी गावातच एक दिवस चित्रपट लावले. शाळेची खोली, भाड्याचा प्रोजेक्टर, भिंतीला पांढरी चादर. "बायकांना कशाला पिच्चर?" असं पारावर बोललं गेलंच.

सकाळी आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. 1954 साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला. पदर ओले झाले. मग पिठलं-भाकरी आणि आमचंच भजन, टाळ-पखवाजासकट. ते रंगलं आणि तासभर लांबलं.

त्यानंतर प्रभातचा 'संत तुकाराम'. 1936 चा हा चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आम्हाला मात्र जिजाई जवळची वाटली. पोर आजारी, तेव्हा ती वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. खोली गप्प. मग मागून एक आजी म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं." झालं, वाद पेटला. माळकरी सासवा रागावल्या, पण सुनाही गप्प बसल्या नाहीत.

तेवढ्यात धारेची वेळ झाली. निम्म्या जणी उठल्या. तुकोबा वैकुंठाला निघाले, जिजाई मागं राहिली, हे त्यांनी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालताना शेवट सांगावा लागला.

यंदा तुकाराम सकाळी नऊला, भजन शेवटी. बारामतीकडच्या गटांनीही यावं. सतरंजी आपापली आणा.