विज्ञानाचे दार उघडणारी कन्या : डॉ. कमला सोहोनी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



‘विज्ञानाच्या इतिहासातील स्त्रियांचे योगदान’ या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी पडलो कापडाचा व्यापारी, बी.कॉम.च्या पलीकडे माझी मजल नाही. म्हणून एकाच विदुषीविषयी बोलतो. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. ज्येष्ठ साहित्यिका दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या. वडील व काका दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेथेच संशोधन करावे म्हणून कमलाबाईंनी अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. केवळ स्त्री म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई थेट बंगळूर गाठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष परीक्षेचे, समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

आमच्या व्यापारात याला ‘जांगड’ म्हणतात. माल पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा. एका गुणवान कन्येला वर्षभर जांगड ठेवले गेले!

त्या कसोटीला उतरल्या आणि पुढे त्या संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. वनस्पतींच्या पेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाला आवश्यक द्रव्य असते, हे दाखवणारा त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबांच्या आहाराचा विषय हाती घेतला. ताज्या नीरेचे पोषणमूल्य त्यांनी तपासले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. शिजवल्याने ती बरीच निष्प्रभ होतात. आपल्या माता-भगिनी वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून वाढतात, त्या रीतीमागचे शास्त्र असे उलगडत गेले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आता थोडे घरचे. माझी धाकटी बहीण १९७७ साली दहावीला गणितात शाळेत पहिली आली. तिला विज्ञान शाखेत जायचे होते. “उद्या लग्न होईल, मग उपयोग काय?” असे वडीलधारे म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या शब्दाला घरात वजन होते. मी गप्प राहिलो. कमलाबाईंना निदान जांगड तरी ठेवले. माझ्या बहिणीचा तागा आम्ही उलगडूनही पाहिला नाही. तिने कधी बोलून दाखवले नाही, पण तिच्या मुलीची शाळेची वही ती तपासते तेव्हा माझी मान खाली जाते.

शिष्यवृत्ती समितीत बसून मुलींच्या पालकांना “लग्नानंतर पुढे काय?” असे मीही विचारले आहे. मुलांच्या पालकांना कधी विचारले नाही. आज आपणा सर्वांसमक्ष शब्द देतो, हा प्रश्न माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. समितीच्या अर्जातूनही तो रकाना काढावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!