गड्ड्याला येणारे सोलापूरकर



संक्रांतीला भरणारा सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा गड्डा जवळ आला की पुण्यातले सोलापूरकर हुतात्मा एक्सप्रेसच्या तिकिटामागे लागतात. 12 जानेवारी 1931 ला फासावर गेलेल्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या चौघांच्या स्मरणाची ही गाडी. रोज सकाळी ती आमची पोरं पुण्याला घेऊन जाते. सगळीच काही परत आणत नाही.

डब्यात कुणीतरी म्हणतंच, "सोलापूर संपलं हो!" जनगणनेला ते मान्य नाही. 2001 साली पावणेनऊ लाख लोक होते, 2011 ला साडेनऊ लाख. कुंभारीच्या माळावर तर विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली. संपलं ते गिरण्यांचं सोलापूर. 1877 ची जुनी गिरणी 1960च्या दशकात बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीही गेल्या. भोंग्यावर उठणारं गाव आता मोबाईलच्या गजरावर उठतं, आणि त्यातलंही बरंचसं स्टेशन गाठण्यासाठी.

गिरणी मालकाची होती, ती मालकाबरोबर गेली. जे गल्लीतल्या माणसांच्या हाती होतं, ते टिकलं, असं मला वाटतं. पूर्वभागात आजही माग खडखडतात, तेलुगू बोलत चादरी आणि टॉवेल विणले जातात. दुकानात भाव मराठीत ठरतो, घासाघीस कन्नडमध्ये होते. आणि कडक भाकरी! मालदांडी ज्वारीची, पापडासारखी पातळ, कित्येक दिवस टिकणारी. सोबत उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी. परतीच्या बॅगेत कपडे कमी आणि हेच जास्त असतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे मात्र पाहुणे विसरतात. ते इथं राहणाऱ्यांनी सोसायचं.

गड्ड्याचंही तसंच. सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच नंदीध्वज तोलत चालतात. हे काम ऐनवेळी जमत नाही. आधी कितीतरी रात्री सराव चालतो. त्यासाठी बाहेरगावी नोकरीला असलेली पोरंही रजा टाकून येतात. साहेबाला कारण काय सांगतात, ते मात्र मला विचारू नका.