घराचा करारनामा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी रीत आहे. मीही तेच सांगणार आहे. मात्र एका व्यवहाराच्या गोष्टीवरून.

आपल्या घरात निकाह होतो तेव्हा काय घडते ते आठवा. वधूची संमती विचारली जाते, साक्षीदार असतात, मेहेरचा आकडा सर्वांसमोर उच्चारला जातो आणि निकाहनाम्यावर सह्या होतात. दोन्ही घरे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असली, तरी "आपसांत विश्वास आहे, मग लिहायचे कशाला?" असे कोणी म्हणत नाही. परंतु आयुष्याची कमाई ओतून घर बांधायला काढतो, तेव्हा अंगणात चहा होतो, मिस्त्री पावलांनी जागा मोजतो, दर ठरतो, बिस्मिल्ला म्हणून विसार दिला जातो आणि काम सुरू होते. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही.

समजा, कोकणातल्या एखाद्या गावचा मुलगा पंधरा वर्षे कुवेतला राबला. गावी वडिलांनी ओळखीच्या कंत्राटदाराशी बोलणे केले : १,००० चौरस फुटांचे चिऱ्याचे घर, मालासकट, दर चौरस फुटाला १,८०० रुपये. म्हणजे १८ लाख. घर उभे राहिले. शेवटी कंत्राटदाराने १५० चौरस फुटांच्या व्हरांड्याचे आणखी २ लाख ७० हजार मागितले. मालक म्हणतो, व्हरांडा घरातच धरलेला होता. शिवाय बाहेरचा जिना वडिलांनी मध्येच आतून घ्यायला सांगितला; त्याचे पैसे वेगळे. यात कोणीच खोटे बोलत नाही. दोघांच्या मनात पहिल्या दिवसापासून दोन वेगवेगळी घरे होती, एवढेच. आणि मग एकाच मशिदीत एका रांगेत उभे राहणारे दोघे एकमेकांना सलाम करायचे थांबतात. पैशापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशाचा करार कायदा १८७२ सालचा असून तो आजही लागू आहे. त्याच्या १० व्या कलमात करार कशाने होतो हे सांगितले आहे. ही अंगे आपण या घरालाच लावून पाहू.

पहिले अंग म्हणजे प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार. कंत्राटदार म्हणाला, "१,८०० रुपये दर." तुम्ही म्हणालात, "कबूल, पण दारे सागवानाची हवीत." तुम्हाला वाटले करार झाला. कायद्याच्या दृष्टीने झाला नाही. स्वीकार हा बिनशर्त असावा लागतो. अट घातली की तो तुमचा नवा प्रस्ताव ठरतो. कंत्राटदाराने सागवानाला होकार दिल्यावर करार पुरा होतो.

दुसरे अंग संमती. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला पाहिजे, असे १३ वे कलम सांगते. आणि ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, तो २९ व्या कलमाने रद्दबातल ठरतो. आपल्या व्हरांड्याचे भांडण नेमके इथले आहे. "हजार फुटांचे घर" म्हणजे भिंतींसकट की आतल्या आत? व्हरांडा धरून की सोडून? हे चार शब्द लिहिले असते, तर २ लाख ७० हजारांचा प्रश्नच उद्भवला नसता.

तिसरे अंग पात्रता. करार करणारा सज्ञान आणि शुद्धीत हवा. इथे आपल्या समाजात एक गैरसमज आढळतो. मुलगा वयात आला म्हणजे तो सज्ञान झाला, असे काही जण धरून चालतात. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने विवाह, मेहेर, तलाक अशा बाबी वेगळ्या ठेवल्या आहेत; परंतु घराच्या करारासाठी वय १८ पूर्णच पाहिजे. अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबीच्या खटल्यात दिला आणि तो आजही मानला जातो. तसेच, करारातला पक्ष कोण, तेही ठरले पाहिजे : कुवेतहून पैसे पाठवणारा मुलगा की गावात उभे राहून सूचना देणारे वडील? मुलगा पक्ष असेल, तर फेरबदल सांगण्याचा अधिकार वडिलांना आहे की नाही, हे लिहावे. जिन्याचा वाद तिथेच मिटतो.

चौथे अंग प्रतिफल, म्हणजे मोबदला. एकाने पैसे द्यायचे, दुसऱ्याने घर द्यायचे. आणि पाचवे, उद्देश कायदेशीर हवा. किनारा नियमन क्षेत्रात जिथे बांधकामाला बंदी आहे, तिथे बांधण्याचा करार कितीही सुंदर अक्षरात लिहिला, तरी न्यायालय तो उचलून धरणार नाही.

तुम्ही विचाराल, तोंडी करार चालत नाही काय? चालतो. कायदा बहुतेक करारांना कागदाची सक्ती करत नाही. परंतु तो सिद्ध कसा करणार? आजकाल व्हॉट्सॲपवरचे निरोपही पुरावा म्हणून पुढे येतात. पण शंभर निरोपांतून अर्थ शोधण्यापेक्षा दोन पानांचा कागद बरा.

आणि लिहून घेणे हा अविश्वास आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी सूरह बकराची २८२ वी आयत समजून घ्यावी. कुरआन शरीफमधील ही सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. घराच्या कामात आपण पैसे आज देतो आणि घर उद्या मिळते. मग ही शिकवण इथे लागू नाही असे कसे म्हणावे? फिकहमध्ये, विशेषतः हनफी परंपरेत, वर्णन देऊन वस्तू बनवून घेण्याच्या कराराला 'इस्तिस्ना' म्हणतात. उस्मानी राज्यात एकोणिसाव्या शतकात झालेल्या 'मजल्ला' या संहितेने असे ठरवले की, करार झाल्यावर कोणाही पक्षाने माघार घेऊ नये. मात्र वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर ती नाकारण्याचा हक्क बनवून घेणाऱ्याला राहतो. म्हणजे सारा भार वर्णनावर आहे. वर्णनच नसेल, तर हक्क कशाच्या आधारे मागणार?

तेव्हा कागदावर काय असावे? दोन्ही पक्षांची नावे. सही केलेला नकाशा. क्षेत्रफळ मोजण्याची रीत. चिरा, सिमेंट, सळई, फरशी, दारे-खिडक्या, वायरिंग यांचा प्रकार. विहिरीचे पाणी आणि वीज कोणी पुरवायची. पैसे कामाच्या टप्प्यांवर : जोते झाल्यावर इतके, स्लॅब पडल्यावर इतके, गिलाव्यानंतर इतके. जादा काम आधी लिहून, दर ठरवून मगच करावे. पावसाळा धरून काम पुरे करण्याची तारीख. वाद झाल्यास कोणाकडे जायचे. खाली दोन साक्षीदार.

करार मोडला तर? काम अर्धे टाकून कंत्राटदार निघून गेला आणि उरलेले ६ लाखांचे काम दुसऱ्याकडून साडेसात लाखांत करून घ्यावे लागले, तर वरचे दीड लाख ७३ व्या कलमाखाली मागता येतात. मात्र नुकसान कमी व्हावे म्हणून आपणही वाजवी खटपट केली पाहिजे. उशिराबद्दल दंडाची रक्कम लिहिली असेल, तर न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गृहबांधणी ही सेवा मानली आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, पण साधारणपणे दोन वर्षांच्या आत. आणि हे विसरू नका की कायदा मिस्त्रीचाही आहे. सांगून करून घेतलेल्या जादा कामाचे पैसे बुडवणे हे त्याच्या घामाचे देणे बुडवणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आईवडिलांपेक्षा तुम्ही अधिक शिकलेले आहात. घरात बांधकामाची बोलणी सुरू झाली की वही घेऊन बसा. अठरा पूर्ण होईपर्यंत तुम्ही पक्ष म्हणून सही करू शकत नाही; पण प्रश्न विचारू शकता, उत्तरे उतरवून घेऊ शकता आणि ती दोन्ही बाजूंना मोठ्याने वाचून दाखवू शकता. "चाचा, व्हरांडा यात धरला आहे का?" हा एक प्रश्न तुमच्या वडिलांची दोन वर्षांची बचत वाचवील आणि चाचांचा सलामही टिकवील. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग मला ठाऊक नाही.

खुदा हाफिज.