हौदाकाठचं चित्र



मी शाळेत होतो तेव्हा जालन्यात एक रुपया रोजाने कॉमिक्स भाड्याने मिळायची. नागराज, सुपर कमांडो ध्रुव. विज्ञानाच्या पुस्तकात दडवून मी ती वाचायचो. एकदा अब्बांनी पकडलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, हे वाचून कोण मोठं झालंय?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देतो.

कॉमिक्सला आज मान आहे. मार्व्हलचा सिनेमा लागला की घरातली मोठी माणसंही टीव्हीसमोर बसतात. पण हा मान फक्त सिनेमाच्या पैशांनी आलेला नाही. आर्ट स्पीगलमन या चित्रकाराने हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची गोष्ट 'माउस'मध्ये चितारली. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं. 1992 साली त्याला विशेष पुलित्झर मिळालं. चित्रांच्या चौकटीत खरं दुःख मावतं, हे जगाने तेव्हा मान्य केलं.

आता आपल्याबद्दल. 'अमर चित्र कथा' 1967 साली सुरू झाली. तिच्यात आपल्याला अकबर भेटला, चांदबीबी भेटली. पण भंगारचं दुकान चालवणाऱ्याची मुलगी मला माझ्या कॉमिक्समध्ये कुठे भेटली नाही. 2014 मध्ये मार्व्हलने कमला खानची स्वतंत्र मालिका काढली. जर्सी सिटीतली सोळा वर्षांची मुलगी, आईवडील पाकिस्तानातून आलेले. शक्ती मिळते तेव्हा ती आधी सोनेरी केसांची गोरी बाई होते, कारण हिरो म्हणजे तसंच, असं तिच्या मनात बसलेलं असतं. मग तिला कळतं की स्वतःच्या चेहऱ्यानेही लोकांना वाचवता येतं. त्या मालिकेच्या पहिल्या खंडाला 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये तिच्यावर वेबमालिकाही आली.

आनंद झाला ना? मलाही झाला. पण आरशात फक्त हिरोच दिसला, तर तो आरसा खोटा.

2011 साली 'भीमायन' आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य चितारलं. बाबासाहेबांच्या ज्या आठवणींवर ते पुस्तक उभं आहे, त्यांत एक आपल्या शेजारची आहे. साल 1934, जागा दौलताबाद. महिना रमजानचा. किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदाच्या पाण्याने बाबासाहेबांसोबतच्या काहींनी धुळीने माखलेलं तोंड आणि पाय धुतले. मागून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला: यांनी पाणी बाटवलं. बघता बघता जमाव जमला. बाबासाहेबांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? अस्पृश्य मुसलमान झाला, तरी त्याला अडवाल का? जमाव गप्प झाला. शेवटी पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला.

तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. त्या जमावात आपल्यापैकी कुणाचा पणजोबा नसेलच, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हे चित्र काढायला धाडस लागतं, आणि ते आपण काढायला हवं. आपल्यावरच्या अन्यायाबद्दल बोलायचा हक्क त्यानेच बळकट होतो.

दुसरं चित्र अभिमानाचं. 18 एप्रिल 1966. हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेतात. फक्त सात! सिनेमावाला म्हणेल, गर्दी कुठंय? कॉमिक्सच्या चौकटीत सात चेहरे स्वतंत्र दिसतात, आणि प्रत्येकीची भीतीसुद्धा.

घरात कुणी विचारेल, माणसांची चित्रं काढणं जायज आहे का? प्रश्न उडवून लावू नका, बसून बोला. आपल्या लग्नाचे व्हिडिओ, आधारवरचा फोटो, यांच्याबद्दलही त्यांना अदबीने विचारा.

पैसा लागत नाही. एक ए-फोर कागद तीनदा दुमडा, मध्ये एक काप द्या, आठ पानांचं पुस्तक तयार. आजीला विचारा, तिला शाळेतून कधी काढलं, का काढलं. तेवढंच काढा. चित्र वाकडं आलं तरी चालेल, गोष्ट सरळ सांगा.

अब्बा, हे वाचून कोण मोठं झालं ते ठाऊक नाही. पण 1934 च्या त्या जमावातून एक पाऊल बाहेर यायचं बळ मला यातूनच मिळालं.