ओबडधोबड दगडाचा मान
(जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात अनेक गावांची गावदेवी ही घडवलेली मूर्ती नसते. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर किंवा डोंगरकपारीत मिळालेला धोंडा असतो. त्याला तांदळा म्हणतात. आकार निसर्गाने दिला तोच. माणसाने फक्त शेंदूर लावला आणि डोळे बसवले. माहूरच्या रेणुकामातेचे रूपही तांदळ्याचेच. पाथरवटाच्या हातात छिन्नी होती, तरी त्या धोंड्याचा वाकडा कोपरा कोणी सरळ केला नाही.

देवाच्या बाबतीत जे पाळले, ते देवळाच्या बाबतीत मात्र विसरले जाते. वर्गणी जमली की पहिला ठराव होतो गुळगुळीत फरशीचा आणि दुसरा ऑइलपेंटचा!

जुन्या दगडी देवळाची भिंत जवळून पाहावी. चिरे सगळे एका मापाचे नसतात. मोठ्याशेजारी लहान बसवलेला, एखाद्याला खाच पाडून दुसऱ्याचे कुसू त्यात अडकवलेले. अंबरनाथचे शिवमंदिर, सिन्नरचे गोंदेश्वर ही अशा बांधणीची नामांकित उदाहरणे. दगड दगडाच्या भाराने उभा आहे. लोक या बांधणीला सरसकट हेमाडपंती म्हणतात. पण हेमाडपंत तेराव्या शतकातले, आणि अंबरनाथचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. नाव प्रधानाचे झाले. हात ज्यांचे होते, त्या पाथरवटांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

या भिंतीच्या फटी हा दोष नव्हे. पावसाचे पाणी आत शिरते, तसे उन्हाळ्यात त्याच वाटेने वाफ होऊन बाहेर पडते. फटीत सिमेंट लिंपले, वर ऑइलपेंट दिला, की पाणी आत कोंडते. त्यातले क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी येऊन साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. चार वर्षे भिंत नवी दिसते, मग नक्षी हाताला भुकटी होऊन लागते. चुन्याचे तसे नाही. चुना मऊ असतो, दगडाबरोबर थोडा हलतो. त्याला बारीक तडा गेला, तर पाण्यात विरघळलेला चुना तिथेच पुन्हा जमून तो तडा बुजवू शकतो.

पंढरपूरचे उदाहरण ताजे आहे. १५ मार्च २०२४ पासून तिथे विठुरायाचे पदस्पर्श दर्शन थांबवून काम हाती घेतले गेले. गाभाऱ्यात नंतरच्या काळात चढवलेली चांदी आणि ग्रॅनाइट काढून मूळ काळा पाषाण मोकळा केला. २ जूनला पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झाले, तेव्हा वारकऱ्यांना जुने देऊळच नव्याने भेटले. जे भक्तीने चढवले, तेच भक्तीने उतरवावे लागले. हे देणगीदारांनी ध्यानात घ्यावे.

म्हणून सगळेच जुने जसेच्या तसे ठेवावे, असेही नाही. शिखरावर उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच काढलेच पाहिजे; त्याची मुळे चिरे उचकटतात. गळकी गच्ची, निखळलेला चिरा, गाभाऱ्यात साचणारे पाणी यांना क्षमा नाही. पण अंगणातला पिंपळ वेगळा. त्याच्या फांदीसाठी मंडपाचा पत्रा कापून वळवला, तर देवाचे काही अडत नाही. झिजलेली पायरीही तशीच राहू द्यावी. ती पिढ्यान्पिढ्यांच्या पावलांनी झिजली आहे.

अडचण आहे ती वेगळीच. फरशीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, चुन्याच्या दरजेवर येत नाही. यावर समितीला मार्ग काढता येईल. दगड मोकळा ठेवून, देवळाबाहेर पाराजवळ एकच शिळा उभी करावी. तिच्यावर सर्वांची नावे यावीत, शंभर रुपये देणाऱ्याचेही आणि श्रमदान करणाऱ्याचेही. आणि चुन्याचे काम जाणणारा म्हातारा गवंडी पंचक्रोशीत कुठे उरला असेल, तर त्याला आधी बोलवावे, हाताखाली गावातली दोन तरुण पोरे द्यावीत. दरजा पावसाळ्यापूर्वी भरायच्या आहेत, आणि चुना भिजून मुरायलाच बरेच दिवस लागतात.