तारण मोकळं झालं

आमच्या उरणच्या घरात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक कागद असायचा. लहानपणी मला वाटायचं, तो घराचा सातबारा असेल. पण तो होता एका फिटलेल्या कर्जाचा कागद.

हकीगत अशी. माझी आजी तरुण असताना एका पावसाळ्यात उधाणाच्या भरतीनं खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी भातशेतीत शिरलं. असं शेत लगेच हाती येत नाही. पावसानं मीठ धुऊन निघेपर्यंत भात धरत नाही. आजोबांनी शेताचा तुकडा आणि आजीच्या पाटल्या सावकाराकडे तारण ठेवल्या. व्याज चढत गेलं. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या आजीच्या भावाच्या हे कानावर गेलं. एक दिवस तो भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरात उतरला, सावकाराचं मुद्दल आणि व्याज चुकतं केलं आणि पाटल्या बहिणीच्या हातात ठेवल्या. सावकाराकडून लिहून घेतलं, रक्कम पोचली, तारण मोकळं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पुढं कित्येक महिने सावकाराचा माणूस वाटेनं जाताना दिसला, की आजी आत जाऊन दार लावून घ्यायची. कर्ज फिटलं होतं, धास्ती फिटली नव्हती. मग ती पेटीतून कागद काढायची. तिला अक्षरओळख नव्हती. माझे वडील तेव्हा शाळेत जायचे. ती म्हणायची, "वाच रे पोरा, काय लिवलंय?" बाबा वाचायचे आणि सांगायचे, "फिटलं, आई." तेव्हा कुठं ती उठून चुलीपाशी जायची.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या मराठी प्रार्थनेत 'तारण' हा शब्द पदोपदी येतो. ख्रिस्त हा तारणारा, त्यानं केलं ते तारण. बँकेत आणि सावकाराकडे मात्र तारण म्हणजे कर्जापोटी अडकवून ठेवलेली वस्तू. एकच शब्द अडकण्यालाही आणि सुटण्यालाही! आमच्या घरात हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर होते.

बायबलमध्ये सोडवणुकीचा विचार आला आहे तोही शेतजमिनीच्या व्यवहारातूनच. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे, की गरिबीमुळं कुणाला आपली जमीन विकावी लागली, तर त्याच्या जवळच्या नातलगानं ती सोडवून घ्यावी. रूथच्या गोष्टीत हेच घडतं. नामी ही विधवा परदेशातून रिकाम्या हातानं गावी परतते. सोबत तिची विधवा सून रूथ, तीही परक्या मवाब देशाची. बवाज नावाचा नातलग गावच्या वेशीत वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवतो आणि शेत सोडवून घेतो. त्याच व्यवहारात तो रूथलाही पत्नी म्हणून स्वीकारतो. परकी बाई घरची होते. पुढं दावीद राजा तिच्याच वंशात जन्मतो.

ख्रिस्ती माणूस 'मी देवाचा आहे' असं म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हे चित्र असतं. मी चांगला म्हणून देवाचा, असं तो म्हणत नाही. माझं देणं मला फिटण्यासारखं नव्हतं. ख्रिस्त माझा नातलग झाला आणि त्यानं आपल्या प्राणाचं मोल देऊन मला सोडवलं, असं तो म्हणतो. रविवारच्या शाळेत मी हे शिकवत असे. बायबलमध्ये या मोलाला 'खंडणी' असाही शब्द आहे. एका मुलानं विचारलं, "बाई, खंडणी तर गुंड मागतात. मग देवानं ती कुणाला दिली?" प्रश्न खोटा नव्हता. चर्चच्या पहिल्या शतकांत मोठमोठ्या आचार्यांनी यावर वाद घातले आहेत. मी त्याला एवढंच म्हटलं, "कुणाला दिली ते राहू दे. कुणी दिली आणि कुणासाठी दिली, ते आधी बघ."

पण सुटका झाली हे कळणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण बघा. संस्कृतच्या एवढ्या गाढ विदुषी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या बाईला सगळं मिळालं आहे. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर त्या धर्माची शिकवण पटवून घेत होत्या. पापाचं ओझं जिथल्या तिथं होतं. ते ख्रिस्तानं उचललं आहे, आता आपल्याला काही फेडायचं नाही, हे उमगलं तेव्हा त्यांचं मन निवांत झालं.

इथं कुणी म्हणेल, अशी खात्री माणसाला बेफिकीर करणार नाही का? हा आक्षेपही जुना आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी विश्वासातून येणाऱ्या खात्रीवर भर दिला. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं पोकळ आत्मविश्वासाबद्दल कॅथलिक भाविकांना सावध केलं. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्वतःवरची खात्री घातकच. पण इथं खात्री आपल्यावर नाही, फेडणाऱ्यावर आहे. शेत सुटलं म्हणून आमचे आजोबा बांधावर झोपून राहिले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बांधाला माती घालायला गेले. रमाबाईंनीही तेच केलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या त्या आश्रमाला त्यांनी नाव दिलं, मुक्ती. पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून अखंड बायबल मराठीत आणलं. १९२२ साली देह ठेवीपर्यंत त्या काम करत होत्या. फिटलेल्या माणसाच्या हाताला वेगळंच बळ येतं.

उरणच्या माणसाला आपलं नाव कागदावर लागणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. नवी मुंबईसाठी इथल्या जमिनी गेल्या. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई-नवघरच्या बाजूला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. पुढं भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं. ज्या घरांना त्याचा लाभ मिळाला, त्यांतली कितीतरी मुलं त्या दिवशी जन्मलीही नव्हती. त्यांनी काही कमावलं नव्हतं, मोल दुसऱ्यांनी दिलं होतं. माणसांच्या लढ्याची आणि देवाच्या करणीची बरोबरी मी करत नाही. पण दुसऱ्यानं मोल द्यावं आणि हक्क आपल्याला मिळावा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता एक घरातली गोष्ट सांगते. म्हातारपणी बाबांना विस्मरणाचा आजार झाला. आधी माणसांची नावं गेली, मग घराची वाट गेली. जन्मभर रोज म्हटलेली प्रभूची प्रार्थनाही एका रात्री मध्येच अडली. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडली. ते घाबरले. माझा हात धरून म्हणाले, "बाय, मला प्रार्थना येईना. आता देव मला ओळखील का?"

इतकी वर्षं मी हेच शिकवलं होतं, आणि त्या क्षणी मला एक शब्द सुचेना. आपलं असणं आपल्या आठवणीवर, आपल्या प्रार्थनेवर, आपल्या घट्ट धरण्यावर अवलंबून असेल, तर माझे बाबा गेलेच म्हणायचे. मग मला पेटी आठवली. मी कागद काढला. घडीवर तो फाटत आला होता. दिव्याखाली धरून मी वाचलं, "रक्कम पोचली, तारण मोकळं."

बाबा कागदाकडे बघत राहिले. "कुणी फेडलं?" त्यांनी विचारलं.

"मामांनी फेडलं, बाबा. तुम्हांला काही द्यायचं नाही. वरच्या कागदाचंही तसंच आहे."

"मग बरं," ते म्हणाले, आणि कूस बदलून झोपी गेले.

त्यानंतर प्रार्थना त्यांना पुन्हा कधीच पुरी आली नाही. रोज रात्री मी म्हणायचे, ते ऐकायचे. ते कुणाचे आहेत, याबद्दल मला पुन्हा शंका आली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)