आडनावातले गाव

(छत्रीबाग, इंदूर येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



माझे सारे आयुष्य कारकुनीत गेले. 'कारकून' हा शब्द फारसी असून 'काम करणारा' एवढाच त्याचा अर्थ आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस या आडनावांच्या शेवटचा 'नीस' हाही फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, या शब्दापासून आलेला आहे. इतरांची नावे लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्याने नावांविषयी चार शब्द बोलावेत, ही आपली आज्ञा म्हणूनच मी आनंदाने शिरसावंद्य मानली.

आपण जमलो आहोत त्या वस्तीला होळकर घराण्यातील दिवंगतांच्या छत्र्यांवरून छत्रीबाग हे नाव पडले. होळ हे नीरा नदीच्या काठचे एक लहानसे गाव. तेथील मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभारले. पुढे इंदूर त्या राज्याची राजधानी झाली. तरी घराणे इंदूरकर झाले नाही, होळकरच राहिले. यात नवल नाही. होळमध्ये राहणाऱ्या माणसाला होळकर म्हणून कोण हाक मारणार? तेथे तर सारेच होळचे! माणूस गाव सोडून परमुलखात जातो, तेव्हाच ते गाव त्याच्या नावाला येऊन चिकटते. 'कर' प्रत्ययाचे आपले प्रत्येक आडनाव हा कोणीतरी कधीतरी घर सोडल्याचा दाखलाच आहे.

आपल्या गोमंतकीय कुटुंबांना हे अधिक समजावून सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टी आणि बारदेशातील देवळे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा आपल्या पूर्वजांनी दैवते उचलून नदीपलीकडे नेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. मूळ जागी देऊळ राहिले नाही. परंतु कुशस्थळीकर, वेर्णेकर, लोटलीकर ही आडनावे राहिली. ज्या गावाची वाट बंद झाली, त्याचा पत्ता नावात जपला गेला.

याच इतिहासाचा एक धागा इंदुरापर्यंत आलेला आहे. मंगेशाचे नवे स्थान मंगेशी म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे देवाला अभिषेक करणारे घराणे अभिषेकी झाले, आणि त्याच गावात जन्मलेल्या दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव लावले. त्यांची ज्येष्ठ कन्या 28 सप्टेंबर 1929 रोजी याच इंदूर शहरात जन्मली. तिचे नाव प्रथम हेमा ठेविले होते. पुढे 'भावबंधन' नाटकातील लतिका या पात्रावरून ते लता झाले. नाव रंगभूमीवरून आले, आडनाव देवाच्या गावावरून. गाव सोडावे लागलेल्या एका देवाचे नाव या मुलीने जगभर नेले.

नाव ठेवण्याच्या रीती देशोदेशी निराळ्या आहेत. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसते. बापाच्या, क्वचित आईच्या, नावाला 'मुलगा' किंवा 'मुलगी' असे जोडले की काम भागते. तुर्कस्थानात 1934 साली कायदा होऊन प्रत्येकास आडनाव घेणे भाग पडले. लिसेवात शिकलेल्या पोर्तुगीजमुळे मला उमगले, की फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र आणि परेरा म्हणजे नासपतीचे झाड. पोर्तुगीज रीतीप्रमाणे मुलाच्या नावात आधी आईचे कुलनाव येते व मग बापाचे. आपल्याकडे आईचे कुळ नावातून पार पुसले जाते. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण तर मला फार प्रिय आहे. धर्माने यहुदी असलेल्या या लोकांनी केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावली. आपला 'कर' कोणाचा धर्म विचारीत नाही, गाव तेवढे विचारतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

नोकरीत नवा असताना मी एका गृहस्थांचे नाव नोंदवहीत उतरवीत होतो. त्यांची दोन आडनावे होती, एक शेणवी आणि दुसरे गावावरून आलेले. रकाना अरुंद होता. 'एक पुरे' असे मनाशी म्हणून मी गावाचे नाव गाळले. गृहस्थ काही बोलले नाहीत. कित्येक वर्षांनी त्यांचा मुलगा कागदांची पिशवी घेऊन माझ्या घरी आला. त्याला कुलदेवतेच्या महाजनांत आपले नाव घालावयाचे होते. पोर्तुगीज अमदानीत 1886 साली आणि पुन्हा 1933 साली गोव्यातील देवस्थानांसाठी नियम झाले. त्या व्यवस्थेत महाजनकी वंशाने येते, म्हणून पिढीला पिढी जोडून दाखवावी लागते. आजोबांच्या कागदावर पोर्तुगीज वळणाने 'सिनाय' आणि पुढे गावाचे नाव होते. वडिलांच्या कागदावर नुसते 'शेणवी'. बाप आणि लेक कागदावर परके झाले होते.

ते अक्षर मी ओळखले आणि त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "काका, बाबांनी तुम्हांला तेव्हाच का टोकले नाही?" मी काय उत्तर देणार? कचेरीच्या मेजासमोर उभा राहिलेला माणूस कारकुनाला टोकत नाही.

अखेरीस त्यांच्या घरातील एका तांब्याच्या घागरीने वाट दाखविली. ती आजीला लग्नात माहेरून मिळालेली. तिच्यावर आजीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव आणि शक कोरलेला होता. त्यावरून लग्नाची नोंद सापडली आणि पुढचे काम मार्गी लागले. जिचे माहेरचे नाव कोणत्याही वहीत उरले नव्हते, तिच्या घागरीने कुळ सांधले. अहिल्याबाई जन्माने चौंडीच्या शिंद्यांच्या, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या अहिल्याबाई होत्या. आपल्या आज्या-पणज्यांचे माहेर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. प्रत्येक घराने एक वही करावी. तीत चार पिढ्यांची पूर्ण नावे, सुनांची माहेरची नावे, मूळ गाव आणि कुलदेवता लिहावी. जुन्या कागदांवर प्रभूचे 'पोरोब' आणि कामताचे 'कामोतीं' झालेले असेल, तर तेही जसेच्या तसे टिपून ठेवावे. आणि घरातील जुनी भांडी मोडीत देण्यापूर्वी त्यांच्यावरील अक्षरे एकदा वाचावीत.

माझी स्वतःची वही मी गेल्या दसऱ्याला सुरू केली. पहिल्या पानावर माझ्या आईचे माहेरचे नाव लिहिले. रकाना आखला नाही.